कॅल्क्युलस सोडून देऊ का?

कॉलेजच्या पहिल्या वर्षाची पहिली चाचणी झाली की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. "शाळेत गणित बरं होतं, आता सगळं डोक्यावरून जातंय."

ही मुलगी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तर निर्णय घेऊनच आली होती. "मॅडम, माझं डोकं गणिताचं नाहीच. विषय बदलायचा अर्ज भरून ठेवलाय. घरी कसं सांगू तेवढं सांगा."

म्हटलं, घरचं नंतर बघू, आधी चाचणीचा पेपर दाखव. तिला ते विचित्र वाटलं. समुपदेशकाकडे मन मोकळं करायचं, पेपर कसला दाखवायचा! पण अशा वेळी मी पेपर मागतेच. 'मला काहीच येत नाही' यावर कितीही बोललं तरी गाडं तिथेच रुतून राहतं. नेमकं कुठे अडलंय ते पेपरात दिसतं.

क्ष² चं डेरिव्हेटिव्ह, म्हणजे आलेखाचा प्रत्येक ठिकाणचा उतार, मूळ व्याख्येवरून काढायचं होतं. व्याख्या बिनचूक होती. क्षच्या जागी क्ष + ह घालायचं, मूळचं वजा करायचं, ह ने भागायचं, मग ह शून्याकडे न्यायचा, सगळं जागच्या जागी. फक्त (क्ष + ह)² चा विस्तार तिने क्ष² + ह² असा केला होता. मधलं २क्षह गायब! मग क्ष² ला क्ष² गेलं, ह² ला ह ने भागून ह उरला आणि उत्तर आलं शून्य. यायला हवं होतं २क्ष. गंमत म्हणजे शेजारीच तिने क्ष² चा वाडग्यासारखा आलेख काढला होता. उतार सगळीकडे शून्य असता तर तिथे आडवी रेघ आली असती.

"यात कॅल्क्युलस कुठे चुकलंय?"

ती पेपरकडे बघत राहिली. "हे तर शाळेतलं आहे."

पुढच्या दोन गणितांतही तेच निघालं: अपूर्णांकांची बेरीज, कंसाबाहेरचं वजा चिन्ह. या विषयात अडणाऱ्या बऱ्याच मुलांची गळती बीजगणितात असते, आणि खापर फुटतं अकलेवर.

दुसरी गाठ अभ्यासाच्या पद्धतीत होती. लिमिटची, म्हणजे 'ह शून्याकडे न्यायचा' यातल्या कल्पनेची, एप्सिलॉन-डेल्टावाली काटेकोर व्याख्या पूर्ण उमगल्याशिवाय ती गणितांना हातच लावत नव्हती. तिला सांगितलं, गणितज्ञ लाइबनिट्झने विकलनाचे, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढायचे, नियम १६८४ मध्ये छापले. लिमिटला पाया मानून कोशीचं पुस्तक आलं ते १८२१ मध्ये, आणि काटेकोर रूप वायरश्ट्रासने दिलं ते त्याच्याही नंतर. तूही आधी गणितं सोडव, व्याख्येकडे परत येता येईल.

अर्ज पुढच्या चाचणीपर्यंत थांबवायचा आणि रोज थोडा वेळ फक्त बीजगणिताला द्यायचा, असं ठरलं. घरी काय सांगायचं हा प्रश्न तिने पुन्हा काढला नाही. ती पास झाली, मार्क बेताचे. साखळी नियमात (एका फलाच्या आत दुसरं फल असतं तेव्हाचा नियम) आतल्या फलाचं डेरिव्हेटिव्ह गुणायचं अजूनही राहतं.

प्रत्येकाला मी थांबच म्हणते असं नाही. पायाच इतका कच्चा असेल की दर ओळीला ठेच लागते, तर आधी पूर्वतयारीचा कोर्स करून मग कॅल्क्युलस घेणं शहाणपणाचं. मात्र ते पेपर समोर ठेवून ठरवावं. आणि विषय सोडायची शेवटची तारीख आधीच विचारून ठेवावी, कारण ती उलटून गेली की हा पर्यायच हातात राहत नाही.