जेटस्कीला बर्फ नाही, दमट हवा खाते

प्रश्न : नमस्कार काका, मी ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो. जूनमध्ये सेकंडहँड सी-डू कंपनीची जेटस्की घेतली, शनिवार-रविवार कधी गॅल्व्हस्टनला खाऱ्या पाण्यात तर कधी लेक कॉनरोला नेतो. आता नोव्हेंबर ते मार्च ती घरच्या गॅरेजमध्येच उभी राहणार. मित्र म्हणतात विंटरायझेशन (हिवाळ्यात ठेवायच्या आधीची तयारी) वगैरे मिनेसोटा-मिशिगनवाल्यांची कामं, इथे कव्हर टाक नि विसरून जा. दुकानवाला मात्र भलंमोठं पॅकेज गळ्यात मारतोय. खरं कुणाचं? आणि अँटिफ्रीझ, म्हणजे ते पाणी गोठू न देणारं द्रव, घालायचं का?

उत्तर : अर्धं मित्रांचं खरं, अर्धं दुकानवाल्याचं. बर्फाची भीती तुम्हाला कमी आहे हे बरोबर, पण "विसरून जा" हे साफ चूक. मी स्वतः काही वर्षं दुबईला जेटस्कीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत, तिथे बर्फ फक्त सरबतात बघितला, तरी तीन-चार महिने उभ्या राहिलेल्या मशीन आमच्याकडे ढकलतच यायच्या. पेट्रोल शिळं झालेलं, बॅटरी मेलेली, पाणी मागे फेकणाऱ्या पंपात मीठ आणि सीटखाली बुरशी. थंड प्रदेशात मशीन निदान गोठून गपचूप पडून असते, गरम दमट हवेत गंज काय नि पेट्रोल काय, सगळ्यांचं काम बारा महिने चालू.

म्हणून माझा पहिला सल्ला दुकानवाल्याला आवडणार नाही. ठेवूच नका! ह्यूस्टनला हिवाळ्यातही मधूनच छान ऊन पडतं, तीन-चार आठवड्यांनी एकदा अर्धा तास पाण्यात फिरवून आणलीत तर निम्म्या कटकटी होतच नाहीत. फक्त वेटसूट घाला, हवा उबदार असली तरी जानेवारीतलं पाणी चांगलंच गार असतं आणि पडलात की श्वासच अडकतो.

ते जमणार नसेल तर मग नीट ठेवा, आणि सुरुवात गॅरेजमध्ये नाही, शेवटच्या राईडला करा. राईडला निघायच्या आधीच टाकी जवळजवळ फुल करायची आणि बाटलीवर लिहिलेल्या मापात फ्युएल स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल शिळं होऊ न देणारं औषध, टाकायचा. बहुतेक जण घरी आल्यावर टाकतात, मग तो टाकीतच राहतो आणि इंजेक्टरमध्ये जुनंच पेट्रोल. अर्धा तास चालवली की आपोआप सगळीकडे पोचतो. तुमच्याकडच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त झालं की पाणी-इथेनॉल खाली बसतं आणि पेट्रोल वर राहतं, आणि इंजिन नेमकं खालूनच पितं. बिनइथेनॉलचं मिळालं तर दोन पैसे जास्त देऊन तेच भरा. १५ टक्केवालं मात्र चुकूनही नको, बोटींच्या इंजिनात ते घालायला तुमच्याकडे मनाईच आहे. आणि जमलं तर ही शेवटची राईड कॉनरोला करा, गॅल्व्हस्टनला नको. गोड्या पाण्यात तासभर फिरली की आतलं मीठ बरंचसं तिथेच धुऊन निघतं, फुकटात. तलावावरून निघताना मशीनमधलं सगळं पाणी काढायचं, तो टेक्सासचा २०१४ पासूनचा नियमच आहे, एका तलावातल्या शिंपल्या नि पाणवनस्पती दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून.

आता फ्लशिंग, म्हणजे नळाचा पाइप जोडून मशीन आतून गोड्या पाण्याने धुणं. इथे जरा थांबून वाचा, कारण जास्तीत जास्त इंजिनं मी ह्याच कामात मेलेली बघितलीत. आधी इंजिन चालू, मग नळ चालू. बंद करताना आधी नळ बंद, मग इंजिन बंद. उलटं केलंत तर काय होतं, तर एक्झॉस्टमधून पाणी बाहेर ढकलायला धूर नसतो, पाणी साचत साचत मागे फिरतं आणि सिलिंडरमध्ये शिरतं. आमच्याकडे एक गृहस्थ आले होते, फोन वाजला म्हणून इंजिन बंद करून बोलायला गेले, नळ चालूच. दहा मिनिटांनी येऊन स्टार्टर दाबला, ठक्‌ असा एकच आवाज. पाणी दाबलं जात नाही ना, मग कनेक्टिंग रॉडच वाकला. फोन कुणाचा होता विचारायची माझी हिंमत झाली नाही.

दुसरं, पाइप लावलाय म्हणून जमिनीवर पाच-दहा मिनिटं चालवत बसू नका. इंजिनला पाणी मिळतं पण ड्राइव्हशाफ्टचं सील ज्या पाण्यात मशीन तरंगते त्यानेच गार होतं, ते जमिनीवर नसतं. साधारण दीड-दोन मिनिटांत उरका, नेमकी वेळ तुमच्या मॅन्युअलमध्ये आहे. नळ बंद केल्यावर चार-पाच सेकंद रेस देऊन आतलं पाणी उडवायचं आणि लगेच बंद. हे सगळं अंगणात हं, बंद गॅरेजमध्ये नाही, तो धूर जीव घेतो.

ऑइल आत्ताच बदला, मार्चमध्ये नाही. जुन्या ऑइलमध्ये ओल आणि आम्ल असतं, ते चार महिने बेअरिंगवर बसून राहण्यात काय अर्थ आहे. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइलचा (गंज रोखणाऱ्या तेलाचा) फवारा मारा, मग प्लग परत घालायच्या आधी इंजिन दोन-चार फेरे नुसतं फिरवा. सी-डूवर थ्रॉटल पूर्ण दाबून ठेवून स्टार्टर दाबला की पेट्रोल बंद राहतं, नुसतं इंजिन फिरतं, ती सोय वापरा. मागे पंपात हात घालून दोरा, गवत, पिशवीचा तुकडा अडकलाय का बघा (सेफ्टी की काढून ठेवूनच!). ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगला ग्रीस, कारण ती चाकं दर खेपेला खाऱ्या पाण्यात बुडालेली असतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

अँटिफ्रीझचं म्हणाल तर तुमची सी-डू फोर-स्ट्रोक असेल तर तिचं इंजिन बंद सर्किटमधल्या कूलंटने गार होतं, यामाहा-कावासाकीसारखं बाहेरचं पाणी इंजिनात फिरत नाही. म्हणजे कूलंट ठीक असेल तर ब्लॉकला धोका नाही. पण सेकंडहँड आहे ना? आधीच्या मालकाने टॉपअपला नुसतं नळाचं पाणी ओतलेलं असू शकतं, दहा-पंधरा डॉलरचा टेस्टर आणून एकदा बघाच. एक्झॉस्टमध्ये मात्र बाहेरचंच पाणी असतं, म्हणून ते रेस देऊन उडवायचं म्हटलं. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये एवढं एरवी पुरतं. एरवी म्हटलं कारण फेब्रुवारी २०२१ तुमच्याकडे कुणी विसरलेलं नाही, ह्यूस्टनला पारा जवळजवळ उणे १० सेल्सिअसपर्यंत गेला, लाइट गेली आणि घरातले पाइप फुटले. तेव्हा मशीन उघड्यावर राहणार असेल तर एक्झॉस्टमध्ये ते गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ जाऊ द्या, कुठून ओतायचं ते मॅन्युअल सांगेल.

शेवटी मागचे दोन्ही ड्रेन प्लग काढा, तोंड थोडं वर करून उभी करा, सीट पूर्ण बंद न करता खाली लाकडाचा तुकडा ठेवा म्हणजे हवा खेळेल. एक्झॉस्टच्या तोंडाशी स्टीलची घासणी कोंबा, नाहीतर उंदीर किंवा मातीची घरं करणारी कुंभारीण माशी आत संसार थाटते. आणि काढलेले प्लग पिशवीत घालून हँडललाच बांधा. मी एकदा प्लग न लावता मशीन पाण्यात सोडलीये, मेकॅनिक असून. मागची बाजू हळूहळू खाली जायला लागली तेव्हा किनाऱ्यावर माझंच गिऱ्हाईक उभं होतं.

प्रश्न : काका, तारकर्लीला आमची वॉटर स्पोर्ट्सची दोन मशीन आहेत, दोन्ही यामाहा. आम्हाला हिवाळा म्हणजे सीझन, मेअखेरीला सगळं बंद. गेल्या वर्षी निळ्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवलेली, उघडली तर आत सगळं पांढरं-हिरवं. काय चुकलं?

उत्तर : ताडपत्री चुकली, गाववाले. वरून पाऊस थांबला पण खालून जमिनीची वाफ आत कोंडली, म्हणजे मशीनला तुम्ही चार महिने मोदकासारखं उकडलंत. आपले जुने लोक होड्या वर काढून झापांनी शाकारायचे, पाणी निथळायचं आणि वारा आरपार जायचा. तसंच करा, छपराखाली, जमिनीपासून हातभर वर, आणि वर श्वास घेणारं कापडी कव्हर. ताडपत्री टाकायचीच तर मांडवासारखी उंचावर बांधा.

बाकी वर लिहिलेलं सगळं तुम्हालाही लागू, उलट जरा जास्तच. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल आहे आणि पावसाळी हवा म्हणजे नुसती ओल, तेव्हा स्टॅबिलायझर टाकून टाकी फुल. उघडायला गणपती उलटून गेले तर ते पेट्रोल काढून बाइकमध्ये संपवा, मशीनमध्ये ताजं भरा. तुमच्या यामाहात बाहेरचंच पाणी इंजिनभर फिरतं, त्यामुळे फ्लशिंगला कंजूषी नको. एकदा धुवा, गार होऊ द्या, परत धुवा, खारं पाणी आत वाळलं की दगड होतो. इलेक्ट्रिक कनेक्टर सुटे करून पुसा, गंज रोखणारा स्प्रे मारा, परत जोडा. आणि नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जालच, तेव्हा एकदा कव्हर उचलून आत बघून घ्या, उंदरांनी वायरिंग कुरतडायला सुरुवात केली असेल तर तेव्हाच कळेल, सप्टेंबरात कळून उपयोग नाही.

प्रश्न : बॅटरी काढून सिमेंटच्या फरशीवर ठेवली की उतरते असं वडील म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : वडिलांच्या काळात तथ्य होतं, तेव्हा बॅटरीचे डबे लाकडाचे नाहीतर कडक रबराचे असायचे आणि ओलीतून करंट झिरपायचा. आताच्या प्लास्टिकच्या डब्यांना फरशीचा काही फरक पडत नाही. उतरते ती उकाड्याने, तापमान १० अंशांनी वाढलं की आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, घरात गार कोपऱ्यात ठेवा. चार्ज करून थोडा वेळ थांबून मीटर लावा, १२.७ व्होल्टच्या आसपास हवं, १२.४ च्या खाली गेली की परत चार्ज. स्मार्ट चार्जर असेल तर लावून ठेवला तरी चालतो. वडिलांचं मन राखायला खाली एक फळी टाका, बॅटरीची तक्रार नसते.