ड्रोन जुना झाला की कॅमेऱ्याचा सेन्सर कमजोर होतो का?

तुमचा ड्रोन चार वर्षांचा आहे, फोटो हल्ली धूसर येतात आणि सेन्सरनेच मान टाकली असावी अशी शंका तुम्हाला येतेय. माझ्या मते सेन्सरवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

सेन्सरमध्ये हलणारं, घासणारं काही नसतं. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि ते मोजले जातात. हजारो फोटो काढले म्हणून ही क्षमता संपत नाही. वयाबरोबर खरोखर वाढतात ते हॉट पिक्सेल, म्हणजे सेन्सरवरचे अंधारातही उजळ दिसणारे बिंदू. अवकाशातल्या किरणांमुळे वातावरणात न्यूट्रॉन तयार होतात, त्यातला एखादा सिलिकॉनमधल्या अणूला जागेवरून हलवतो, आणि मग त्या पिक्सेलमध्ये अंधारातही प्रवाह गळत राहतो. ड्रोन कपाटात पडून असला तरी हे घडतं. दिवसाच्या फोटोत ते सहसा जाणवत नाही. रात्री, लांब एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) आणि जास्त आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलतेची सेटिंग) असेल तेव्हा लाल, निळे, पांढरे ठिपके दिसतात. तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की ही गळती दुप्पट होते, म्हणून ड्रोन चालू ठेवून जमिनीवर तापू देऊ नका.

तपासायचं असेल तर लेन्स पूर्ण झाकून काही सेकंदांच्या एक्स्पोजरचे दोन-तीन रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढा. ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी असतील तर ते हॉट पिक्सेल; जागा बदलत असतील तर नेहमीचा नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा.

पण धूसरपणा हॉट पिक्सेलमुळे येत नाही! आधी लेन्सवरची काच तिरक्या उजेडात धरून बघा. बोटांचा तेलकट थर, बारीक चरे, दमट हवेतली बुरशी, यांनी सगळा कॉन्ट्रास्ट जातो. फुंकणीने धूळ उडवल्याशिवाय कापड लावू नका.

माझ्या ड्रोनच्या फोटोंची डावी कड सतत मऊ यायची. मीही सेन्सर गेला असंच धरून चाललो होतो. जुने फोटो तारखेनुसार लावून पाहिले, तर तो फांदीला धडकून पडला त्या दिवसापासूनच कड बिघडली होती. लेन्स किंचित तिरकी झाली होती. कॅमेऱ्याचा भाग बदलल्यावर कड पुन्हा स्वच्छ आली.

सेन्सर एका क्षणात जाऊ शकतो तो लेझरने. लेझरचे झोत फिरत असतील तिथे ड्रोन उडवू नका. किरण थेट लेन्समध्ये शिरला तर पिक्सेलच्या ओळीच्या ओळी कायमच्या जळू शकतात.