पदरात बाळ नाही म्हणून सव्वा महिना नाही?

"मावशी, मी 46 वर्षांची, डिचोली तालुक्यात राहते. गाठींमुळे अंगावरून खूप जायचं, हिमोग्लोबिन 7 वर आलं, शेवटी बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पोट उघडून गर्भाशयाची पिशवी काढली. अंडाशय ठेवलेत असं म्हणाले. आज 24 दिवस झाले. टाके निघाले, जखम सुकली, पण पंधरा मिनिटं उभी राहिले की बसावंसं वाटतं. सासूबाई म्हणतात टाके निघाले म्हणजे झालं, आता हळूहळू कामाला लाग. चवथ पंधरा दिवसांवर आलीय, गणपती आमच्या मूळ घरात, पाच दिवसांचा, पस्तीस-चाळीस माणसं जेवायला, आणि गेली 20 वर्षं रांधप मीच बघते. घरचे वाईट नाहीत हो. मलाच वाटायला लागलंय की मी नाटक करते. कारण नसताना रडू येतं. मी आळशी झाले का? आणि चवथीला नाही म्हणायचं कसं?"

बाय, तुझं पत्र वाचलं आणि आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस मोजले. पत्र लिहिलंस तो 24वा दिवस, चवथ त्याच्या पंधरा दिवसांनी, म्हणजे गणपती पाटावर बसेल तेव्हा तुझा 39वा दिवस असणार. आता मला सांग, तुमच्या घरात कोणी बाळंत झाली असती तर 39व्या दिवशी तिला चाळीस माणसांच्या रांधपाला उभी केली असती का? सव्वा महिना तिला विहिरीवर सुद्धा जाऊ देत नाहीत, अंग चोळायला बाई येते, गरम पाणी आयतं, पेज आयती, आणि ती उठून भांडं उचलायला गेली की सगळ्यात आधी सासूच ओरडते. हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. तुझं तर बाळंतपणापेक्षा मोठं झालंय गो, पोट कापून आतला एक अवयव बाहेर काढलाय, पण पदरात बाळ नाही म्हणून कोणाच्या डोक्यातच येत नाही की हिचाही सव्वा महिना मोजायला हवा. तुझ्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टर सहा आठवडे म्हणतात ना, ते मोजून 42 दिवस होतात. आपल्या आज्या जे मोजायच्या त्याच्या आसपासच की.

टाके निघाल्याचं सांगते. दिसते ती वरची कातडी, ती दहा-बारा दिवसांत जुळते म्हणून तेवढ्यात टाके काढतात. पण कातडीखाली चरबी, त्याच्याखाली पोटाच्या स्नायूंवरचा जाड पांढरा पडदा असतो, पोटातलं सगळं जागेवर धरून ठेवतो तो हा पडदा, आणि तो फार सावकाश भरतो, दोन महिने झाले तरी मूळच्या ताकदीच्या जेमतेम निम्म्यावर येतो. तुझा तर अजून महिनाही झाला नाही. सासूबाईंना वरची सुकलेली रेघ दिसते, त्या खोटं बोलत नाहीत, आतलं दिसायला कोणाकडे डोळे आहेत?

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. माझंही हेच ऑपरेशन झालं, पोट उघडूनच, पावसाळ्यातच. चौथ्या आठवड्यात मला एकदम बरं वाटायला लागलं, आणि हाच आठवडा वाईट, दुखणं कमी झालेलं असतं, गोळ्या बंद झालेल्या असतात, माणूस फसतो. कपडे चार दिवस सुकत नव्हते, मागीलदारी भिजवलेल्या चादरींची बादली होती, मी म्हटलं एवढ्यासाठी कोणाला हाक मारू, आणि एका हाताने उचलली. दहा लिटरची भरलेली बादली म्हणजे पाणीच दहा किलो, वर ओल्या चादरी. दुखलं असं नाही, पण टाक्याच्या डाव्या टोकाला आत काहीतरी सुटल्यासारखं वाटलं, साडीची गाठ सैल होते ना तसं. मी खाली बसले, बरं वाटलं, कोणाला बोलले नाही. चार-पाच महिन्यांनी खोकला आला की त्याच जागी लिंबाएवढा फुगवटा यायला लागला. हर्निया. परत ऑपरेशन, आत जाळी बसवली, परत सगळं पहिल्यापासून. त्या बादलीनेच झालं असं डॉक्टर छातीठोक म्हणाले नाहीत, पण त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "वजन उचललं होतं का" हाच. मी मान खाली घालून हो म्हटलं. म्हणून तुला एवढं कळकळीने सांगते, सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, भरलेली कळशी नाही, तांदळाची पिशवी नाही, आणि चवथीतला तो भाताचा मोठा टोप तर हलवायचाही नाही. आदोळीवर बसून नारळ खवणंही नको. खाली बसायचं, एक पाय दुमडायचा, पुढे वाकून जोर लावायचा, सगळा भार नेमका पोटाच्या त्याच जागेवर येतो.

आता तो थकवा. 7 हिमोग्लोबिन घेऊन तू टेबलावर गेलीस, रक्त चढवलं असेल तरी घरी येताना फार तर 9-10 झालं असणार, म्हणजे नुसतं रक्त बघितलं तरी तू पंधरा मिनिटांत दमणारच. त्यावर शरीर आत विणकाम करतंय त्याला वेगळी ताकद लागते, पंखा-दिवे बंद दिसले तरी मीटर फिरतोय असं समज. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील त्या मधेच सोडू नको, हिमोग्लोबिन नॉर्मल आलं तरी पुढे साधारण तीन महिने चालू ठेवायला सांगतात, कारण साठा रिकामा झालेला असतो तो भरायला वेळ लागतो. गोळी चहा-दुधाबरोबर घेऊ नको, आपल्याकडे सकाळी चहाबरोबरच सगळ्या गोळ्या गिळायची सवय, मध्ये दीड-दोन तास जाऊ देत, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगलं. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, पण कडक होऊ द्यायचं नाही, कुंथलं की पोटावर ताण येतो. पाणी, पेज, पालेभाजी, आणि तरीही झालं नाही तर डॉक्टरांकडून औषध घे, लाजू नको.

आणि झोपूनही राहू नको हां. अंगणात, नाहीतर पाऊस असेल तर सोप्यावर, दिवसातून चार-पाच वेळा चाल, दहा दहा मिनिटं, दमायच्या आधी थांब. ऑपरेशननंतर पडून राहिलं की पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती असते, त्यासाठी चालणं हवं. उठताना सरळ उठू नको, कुशीवर वळ, पाय खाली सोड, हाताने रेटा देऊन उठ. खोकला-शिंक आली की उशी पोटाला घट्ट धर. स्कूटर एवढ्यात नको, या दिवसांत रस्त्यांची काय अवस्था असते ते तुला मी सांगायला नको. नवऱ्याशी जवळीक पण सहा आठवड्यांचं चेकअप होईपर्यंत नको, आत वरच्या बाजूला टाके आहेत, आणि हे त्याला स्पष्ट सांग, नाहीतर तो बिचारा वेगळाच अर्थ लावत बसेल.

रडू येतं म्हणालीस. ये गो, येऊ दे. अंडाशय ठेवलेत म्हणजे पाळी थांबली तरी हार्मोन्स चालू आहेत, तू एका रात्रीत म्हातारी झाली नाहीस. पण भूल, अशक्तपणा, तुटक झोप, आणि वर ती एक भावना, जी तू पत्रात लिहिली नाहीस पण मला ठाऊक आहे, की जिथे पोरं वाढली ती जागाच आता नाही. मला तर घरी आल्यावर पहिल्यांदा एकटीने आंघोळ करताना रडू फुटलं होतं, पट्टीखाली हात नेला तर बेंबीखालचा भाग बधिर, दुसऱ्या कोणाचं पोट असल्यासारखा. ते बधिरपण हळूहळू कमी होतं, थोडं राहतं. रडणंही कमी होतं. मात्र दोन-तीन आठवड्यांनी पण तसंच असेल, सकाळी उठूच नये असं वाटत असेल, जेवण जात नसेल, तर चेकअपला हेही सांगायचं, जखम दाखवतो तसंच दाखवायचं. त्याच्यावरही उपचार आहेत.

चवथीचं. नाही म्हणू नकोस, चवथ होऊ दे, रांधप दुसऱ्यांनी करू दे. 20 वर्षं तू एकटीने ओढलंस म्हणून घरच्यांना ते किती आहे हेच माहीत नाही. "जमेल तसं मदत करा" असं बोललीस तर कोणी काही करणार नाही, सगळे आधी देवापुढे बसतील, मग पानावर. कामाला माणूस नेमून दे, नावासकट, आजच. तुला लिहायला जड जाईल म्हणून मीच लिहून देते, नावं बदल आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाक:

"सगळ्यांनी चवथीला नक्की या. माझे ऑपरेशननंतरचे सहा आठवडे तोपर्यंत पुरे होत नाहीत, डॉक्टरांनी वजन उचलायला आणि खाली बसून काम करायला मनाई केलीय. म्हणून यंदा पहिल्या दिवसाचं खतखतं आणि वडे धाकट्या जाऊबाई बघतील, त्या एक दिवस आधी येतील. नेवऱ्या वन्संनी फोंड्याहून करून आणायच्या. पातोळ्यांची हळदीची पानं आणि नारळ खवून ठेवणं पोरींकडे. पाणी, मोठे टोप, भांडी घासणं सगळे पुरुष. शेवटच्या दोन दिवसांचं जेवण साधं, भात, वरण, एक भाजी. मी खुर्चीत बसून सांगेन काय कुठे आहे ते."

हे पाठवल्यावर पुढे माफी मागणारी एकही ओळ लिहायची नाही. नेवऱ्या कोणाला जमत नसतील तर गावातल्या बचतगटाच्या बायका चवथीआधी ऑर्डर घेतात, घ्या विकत, देवाला चालतं. तू खुर्चीवर बसून हळदीची पानं पुस, माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतो त्या फळापानांच्या चौकटीला, सुपारीचं शिपटं कुठे, आंबाडे कुठे, कांगलां कुठे ते पोरांना सांग, आरतीला बस, फुगडी मात्र बघायची फक्त. आणि दुपारी दार लावून दोन तास झोप, पाहुणे असले तरी.

सासूबाईंशी नवऱ्याला मध्ये न घालता तूच बोल असं मला वाटतं, तू म्हणतेस ना घरचे वाईट नाहीत. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्यांच्याजवळ बस आणि विचार, "आई, तुमच्या बाळंतपणात तुम्हाला सव्वा महिना मिळाला होता का?" मिळाला असेल तर त्यांना लगेच समजेल. आणि मिळाला नसेल, शेताच्या लावणीत बाराव्या दिवशी चिखलात उतरल्या असतील, तर ते त्यांना आजवर कोणी विचारलेलं नसणार, ऐकून घे सगळं. मग म्हण, "माझे एवढे दिवस मोजा तुम्ही, तुमच्या हाताने." आणि पुढच्या चेकअपला त्यांना बरोबर घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत.

ताप 38 डिग्रीच्या म्हणजे साधारण 100.4 च्या वर गेला, जखम लाल-गरम झाली किंवा पू आला, खालून पॅड भरेल एवढं लाल जायला लागलं किंवा घाण वासाचं पाणी गेलं, लघवी अडली, एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, तर चवथ असो की काही असो त्याच दिवशी हॉस्पिटल. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर सरळ 108. थोडे तपकिरी डाग काही आठवडे जातात, त्याला घाबरायचं नाही.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस, म्हणून मला काळजी लागलीय. काढलेली पिशवी तपासायला पाठवतात, त्याचा बायोप्सीचा रिपोर्ट येतो. तो आणलात का? बहुतेक वेळा काही निघत नाही, गाठी साध्याच असतात, पण कितीतरी बायकांचे रिपोर्ट आणायचेच राहून जातात, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं वाटतं ना. डिस्चार्ज कार्ड देऊन उद्याच कोणाला तरी बांबोळीला पाठव, डॉक्टरांना दाखव, झेरॉक्स काढून कपाटात ठेव, आणि काय आलं ते मला दोन ओळीत कळव, मी वाट बघते.

तुझी मावशी