लेक स्टेजवर दिसत नाही, मग ती नाटकात करते काय?

तासगावहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एकांकिकेला यंदा बक्षीस मिळालं, पण तिचं काम ना अभिनयाचं ना दिग्दर्शनाचं. तालमीची जागा ठरवायची, टेम्पो बोलवायचा, चहापासून सेफ्टी पिनपर्यंतचा खर्च वहीत लिहायचा, ही तिची कामं. आता ती म्हणते, ‘मला नाटकाची व्यवस्थापक व्हायचंय, पुढे निर्माती.’ आई विचारते, ‘सर, हे करिअर आहे का? यात पोट भरतं का? आणि रात्री-अपरात्रीचे दौरे मुलीच्या जातीला झेपतील का?’

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या सांगलीतच आहे. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्यानंतरचं मात्र फारसं कोणी सांगत नाही. 1851 मध्ये चिंतामणराव गेले आणि राजाश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावं लागलं. 1853 मध्ये त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. म्हणजे जागा ठरवणं, माणसं आणि सामान वेळेवर पोचवणं, तिकीट विकणं, येणाऱ्या पैशात सगळ्यांचं भागवणं आलं. तुमची लेक कॉलेजात जे करते, त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

आजच्या व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ‘निर्माता’ आणि ‘सूत्रधार’ अशी दोन नावं वेगळी छापलेली दिसतील. निर्माता पैसे घालतो, नाटक निवडतो, तोटा झाला तर सोसतो. सूत्रधार, म्हणजे व्यवस्थापक, नाटक रोज चालवतो. या दोन कामांत गल्लत केली की घरं बुडतात, म्हणून हा फरक तिला आधी पक्का समजू द्या.

सूत्रधाराचं निम्मं आयुष्य तारखांत जातं. नाट्यगृहाची तारीख मिळते तेव्हा नट मालिकेच्या शूटिंगमध्ये अडकलेला, नट मोकळा असतो तेव्हा नाट्यगृहात लग्न किंवा सत्कार. दौराही असा बांधावा लागतो की शनिवारी साताऱ्यात शाहू कला मंदिर, रविवारी सांगलीत भावे नाट्यमंदिर, मग कोल्हापूर. एक जरी तारीख निसटली तरी बस, टेम्पो, लॉज यांचा खर्च उरलेल्या प्रयोगांवर पडतो. नेपथ्य एका रंगमंचावर बसतं, दुसऱ्यावर फूटभर जास्त होतं. प्रयोगाआधी संहिता राज्याच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. लेखकाचं मानधन प्रत्येक प्रयोगाला, नट आणि बॅकस्टेजच्या मंडळींची ‘नाईट’, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, त्याच रात्री. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्याहून महाग तिकिटाला आहे. बी.कॉम. झालेल्या मुलीला हे जितकं लवकर कळेल तितकं नटाला नाही कळणार. ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

आता पैशाचं. एक हिशेब मांडतो, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा 600 खुर्च्या आणि सरासरी तिकीट 250 रुपये. भरलेलं गृह म्हणजे दीड लाख. भाडं, नाईट, गाडी, जाहिरात असा प्रयोगाचा खर्च 95 हजार धरा. मग 380 तिकिटं विकली की फिटंफाट. निम्मं गृह भरलं तर 20 हजार खिशातून. नाटक उभं करायला आधीच 8 लाख गेले असतील आणि प्रयोगामागे सरासरी 16 हजार उरत असतील, तर ते सुटायला 50 प्रयोग हवेत. इतके प्रयोग सगळ्याच नाटकांचे होत नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, पहिली पाच-सात वर्षं तिने स्वतःचा एक रुपयाही नाटकात घालू नये. तुम्ही तर नाहीच. शेत किंवा दागिने गहाण ठेवून नाटक करायला कोणी सांगत असेल तर ठाम नाही म्हणा. तिने दुसऱ्या संस्थेत व्यवस्थापनाचं काम करावं, पैसे घेऊन करावं. सुरुवातीला ते थोडे असतील आणि पावसाळ्यात काम रोडावेल, म्हणून टॅलीवर हिशेब लिहिण्याचं एखादं अर्धवेळ काम सोबत असू द्या.

पदवी पूर्ण झालीच पाहिजे, यात तडजोड नको. पुण्यातलं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय चांगलं शिक्षण देतात, पण तिथला भर मुख्यतः अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य यांवर आहे. तिचा धंदा ती बुकिंगच्या खिडकीशी आणि टेम्पोच्या मागेच शिकेल. तोवर राज्य नाट्य स्पर्धेच्या सांगली केंद्रावर एखाद्या हौशी संस्थेची व्यवस्था तिने अंगावर घ्यावी.

रात्रीची काळजी खोटी नाही, मीही बाप आहे. प्रयोग संपून सामान भरेपर्यंत एक वाजतो, मग प्रवास. म्हणून संस्था निवडताना इतर स्त्रिया तिथे टिकून आहेत का, मुक्कामाची सोय कोण बघतं, कामाचे पैसे लेखी ठरतात का, हे तिने आधी विचारावं. विचारायला लाजू नये, दुसऱ्यांसाठी हेच प्रश्न विचारणं उद्या तिचं काम असणार आहे. स्त्रिया या क्षेत्रात नाहीत असं नाही. लता नार्वेकरांनी निर्माती म्हणून वर्षानुवर्षं व्यावसायिक नाटकं उभी केली, मुक्ता बर्वे अभिनेत्री असतानाच निर्मातीही झाल्या.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. एकांकिकेचा खर्च झाल्यावर 340 रुपये उरले, ते तिने सगळ्यांना सारखे वाटून दिले आणि वहीत सह्या घेतल्या. ताई, ही मुलगी या कामाची आहे. पुढच्या महिन्यात दोघी भेटायला या, आणि येताना तिला ती वही आणायला सांगा.