पलंगाखालून बाहेरच येत नाही!

प्रश्न : ताई, आमच्याकडे बिट्टी नावाची मांजरी आहे, वर्षाची असेल. मागच्या पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडली तेव्हा तीन-चार महिन्यांची होती. इतके महिने घरात आहे तरी कुकरची शिट्टी झाली, बेल वाजली, अगदी हातून झाकण पडलं तरी पलंगाखाली पळते ती सगळे झोपल्यावरच बाहेर. सवय व्हावी म्हणून आम्ही ओढून काढतो, मांडीवर घेऊन बसतो, पण उलट आता मिस्टरांना ओरबाडायला लागलीय. सासूबाई म्हणतात जातच घाबरट, परत सोडून या. वन बीएचके आहे, मुलगा सहा वर्षांचा. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : ओढून काढणं आजपासून बंद. बाकीचं सगळं नंतर. बघा, पलंगाखाली गेल्यावर कुठे तिची धडधड कमी व्हायला लागते आणि नेमकं तेव्हाच तुम्ही पायाला धरून ओढता, म्हणजे तिच्या हिशोबात या घरात लपायला एकही भरवशाची जागा उरलेली नाही, मग नखं काढणारच की ती. मिस्टरांना सांगा, मनाला लावून घेऊ नका.

लपणाऱ्या मांजराला लपू दिलं तर ते लवकर रुळतं. नेदरलँड्समध्ये उट्रेख्त विद्यापीठाच्या लोकांनी २०१४ मध्ये शेल्टरमध्ये (बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात) नव्यानं आलेल्या मांजरांवर हेच करून बघितलं, काहींना लपायला खोकी दिली, काहींना नाही, तर खोकंवाल्यांचा ताण बराच लवकर उतरला. त्यामुळे ऑनलाइन मागवलेल्या सामानाचं एखादं मोठं खोकं घ्या, त्याला दोन बाजूंनी भोकं पाडा (एकच ठेवलं तर आपण अडकलो असं वाटतं), आत तुमची जुनी कॉटनची साडी टाका, धुतलेली नको, वापरलेली, तुमचा वास हवा. असं एक खोकं पलंगाखाली आणि एक उंचावर, कपाटावर वगैरे, तिथे चढायला मधे स्टूल. वन बीएचकेत जमिनीवर जागा नसते पण भिंती रिकाम्याच असतात ना, आणि मांजराला वरून सगळं दिसलं की जरा बरं वाटतं. फ्रिजच्या मागची फट मात्र पुठ्ठ्यानं बंद करा, तिथे वायरी असतात. आणि मुलाला एकच नियम, बिट्टी खोक्यात असली की हात आत घालायचा नाही, कुणीच नाही, आजीनेसुद्धा नाही.

आता आवाजाचं. आपल्याला फार तर २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, मांजराला ६० हजारांच्याही पुढचे, म्हणजे आपल्याला नुसती शिट्टी वाटते त्यात तिला अजून काय काय ऐकू येत असेल कोण जाणे. मोबाईलवर कुकरची शिट्टी, बेल, मिक्सर रेकॉर्ड करा. ती खात असताना इतक्या बारीक आवाजात लावा की नुसता कान हलला पाहिजे, खाणं थांबता कामा नये. लगेच उकडलेल्या चिकनचा एखादा तुकडा, बिनमिठाचा, कांदा-लसूण अजिबात नाही कारण ते मांजरांना विषारी. दिवसातून एकदा पाच मिनिटं पुरे. खाणं सोडून ती दचकली तर आवाज जास्त झाला असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी कमी करायचा, पुढे जायची घाई नको. याला काही आठवडे जातात, चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. तोपर्यंत मिक्सरखाली जाड टॉवेल, स्वयंपाकघराचं दार लोटून, आणि दूधवाल्याला सांगा बेलऐवजी मिस्ड कॉल दे. लिटर बॉक्स (तिचा शी-शूचा ट्रे) वॉशिंग मशीनशेजारी असेल तर आजच हलवा. बसल्या बसल्या मशीनचा स्पिन सुरू झाला की मांजर पुढच्या वेळी सोफ्यामागे जातं आणि मग घरात वेगळंच महाभारत.

तिच्याशी ओळख करायची तर जमिनीवर बसा, तोंड थोडं बाजूला, मोबाईल बघत बसलात तरी चालेल. तिनं बघितलं तर डोळे हळूच बारीक करा, मिटा, उघडा. २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं की असं केल्यावर मांजरंही डोळे मिचकावतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ जायला जास्त तयार होतात. जवळ आली तर एक बोट पुढे धरा, ती गाल घासेल, तेवढाच गाल आणि हनुवटी खाजवा आणि तिला अजून हवं असतानाच थांबा. पोटाला हात नको.

एक मात्र स्पष्ट सांगते. पिल्लू साधारण दोन ते सात आठवड्यांचं असताना माणसांची जी सवय लागते ती पक्की बसते, आणि बिट्टीचे ते दिवस गाड्यांखाली गेलेत. ती कदाचित कधीच मांडीवर बसणारी होणार नाही. पण हॉलमध्ये येऊन कोपऱ्यात अंग पसरून झोपेल, तेवढं नक्की होऊ शकतं. सासूबाईंना म्हणावं, घरात वाढलेलं जनावर उपाशी मरेल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे, आणि रोजचा चिकनचा तुकडा त्यांच्याच हातून द्या. बघा मग कोण कुणाला सोडतं ते!

प्रश्न : गणपती आले की आमच्या गल्लीत ढोल-ताशा, पुढे दिवाळीचे फटाके. बोका दोन दिवस जेवत नाही. क्रोसिनची पाव गोळी दिली तर शांत झोपेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही नाही नाही! क्रोसिनमध्ये पॅरासिटामॉल असतं, मांजराचं लिव्हर ते पचवू शकत नाही, पाव गोळीनंसुद्धा जीव जाऊ शकतो. डॉक्टरांशी आठ-दहा दिवस आधी बोला, मांजरांची भीती कमी करायला गॅबापेंटिनसारखी औषधं असतात पण डोस वजनावर ठरतो, मेडिकलमधून आणून अंदाजपंचे द्यायचं औषध नाही ते. आतली खोली आधीपासूनच त्याची करून ठेवा, पडदे, पंखा, टीव्हीचा आवाज, खिडकीला जाळी (घाबरलेला बोका चौथा मजला बघत नाही). कापूर, धूप, सुगंधी तेलाचे डिफ्युझर त्या खोलीत नकोत आणि फरशीला काळं फिनाईल तर घरातच नको. पूर्ण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर फोन करा. आणि लघवीला सारखा बसतोय पण होत नाहीये असं दिसलं तर मिरवणूक असो नाहीतर काही, त्याच दिवशी दवाखाना. ताणामुळे बोक्यांची लघवी तुंबते आणि ते जिवावर बेतू शकतं.

प्रश्न : आमची माऊ बारा वर्षांची, आयुष्यभर बिनधास्त, आणि गेल्या महिन्यापासून हात लावला तरी दचकते. वय झालं म्हणून? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वयावर ढकलू नका. म्हातारपणी असं अचानक बदललं तर दात, सांधे दुखतायत का, थायरॉइड वाढलंय का, बीपी किती आहे हे आधी बघावं लागतं. बीपी वाढलं की मांजराची नजर अचानक जाऊ शकते, मग कोण कुठून येतंय ते कळत नाही म्हणून दचकतात. बीपी मोजा असं डॉक्टरांना मुद्दाम सांगा, बऱ्याच ठिकाणी मांजराचं मोजलंच जात नाही. तोपर्यंत फर्निचर हलवू नका आणि हात लावायच्या आधी नावानं हाक मारत जा.