जपानी दिग्दर्शक सातोशी कोन यांनी मांगा (जपानी चित्रकथा) सोडून अ‍ॅनिमेशन का धरलं? त्यांच्या कामाबद्दल कोणी सांगेल का?

मांगा त्यांच्या हातून सुटलं, असं मला वाटतच नाही. कोन यांच्या सिनेमांवर माझा फार जीव आहे. ते बघताना दर वेळी जाणवतं की पानावर चौकटी मांडणारा माणूसच इथे पडद्यावर चौकटी मांडतोय.

त्यांचा जन्म १९६३ चा, होक्काइदोमधल्या साप्पोरोचा. मुसाशिनो कला विद्यापीठात शिकत असतानाच त्यांचं मांगा छापून यायला लागलं. मग ते 'अकिरा' हे गाजलेलं मांगा करणारे कात्सुहिरो ओतोमो यांच्याकडे सहायक म्हणून राबले आणि अ‍ॅनिमेशनची वाटही तिथूनच फुटली. ओतोमोंची पटकथा असलेल्या 'रोजिन झेड' या अ‍ॅनिमेशनपटासाठी त्यांनी पार्श्वभूमीची चित्रं केली. १९९५ च्या 'मेमरीज' या सिनेमातल्या 'मॅग्नेटिक रोझ' या भागाची पटकथा त्यांची. एका गायिकेच्या आठवणींनी भरलेल्या अवकाशस्थानकात माणसं शिरतात आणि खरं-खोटं विसरून बसतात, ही त्याची गोष्ट. पुढचा सगळा कोन त्यात दिसतो.

त्याच सुमारास ते 'ओपस' नावाचं मांगा लिहीत होते. त्यात एक मांगाकार स्वतःच्याच मांगात ओढला जातो आणि तिथली पात्रं त्याला जाब विचारतात. मासिकच बंद पडल्यामुळे ते अर्धवट राहिलं. शेवटच्या प्रकरणाचा कच्चा आराखडा त्यांच्या मृत्यूनंतर सापडला. तेव्हा तुमच्या 'का'चं माझं उत्तर असं, की एकीकडे मांगा अडलं आणि दुसरीकडे मॅडहाउस या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत दिग्दर्शन करायची संधी आली. विषय मात्र बदलला नाही.

'परफेक्ट ब्लू' १९९७ चा. मूळ कादंबरी दुसऱ्याची होती. त्यांना सांगितलं गेलं, नायिका पॉप गायिका हवी, तिच्या मागे लागलेला चाहता हवा आणि भय हवं. बाकी काय करायचं ते करा. त्यांनी गाणं सोडून अभिनयाकडे वळलेली मिमा उभी केली. तिच्या नावाने इंटरनेटवर कोणीतरी रोजनिशी लिहितंय आणि ती वाचताना तिला स्वतःचाच भरवसा वाटेनासा होतो. हे १९९७ साली! आज बघितलं की जास्तच अंगावर येतं.

पण माझा सगळ्यात लाडका 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस', २००१ चा. चियोको नावाची वृद्ध अभिनेत्री मुलाखत देते आणि ऐकणारे दोघे कॅमेऱ्यासकट तिच्या आठवणींत आणि तिच्या सिनेमांत जाऊन पडतात. तरुणपणी भेटलेल्या एका चित्रकाराच्या शोधात ती धावतेय, धावतेय. घोड्यावर असते, मग गाडीत, मग सायकलवर. कपडे बदलतात, शतक बदलतं, पण धाव तुटत नाही. दोन दृश्यांना जोडणारा सांधा असतो तिची हालचाल. इथे मला मांगाकाराचा हात दिसतो: पान उलटल्यावर वाचकाची नजर नेमकी कुठे पडेल, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याचा. त्यांचे स्टोरीबोर्ड, म्हणजे दृश्यांचे चित्रांतले आराखडे, इतके बारकाईने काढलेले असत की पुढच्या कामाचा बराचसा पाया त्यांतच तयार असे. जपानच्या माध्यमकला महोत्सवात हा सिनेमा नामवंत दिग्दर्शक हायाओ मियाझाकींच्या 'स्पिरिटेड अवे'च्या जोडीने पहिला आला होता.

नंतर 'तोक्यो गॉडफादर्स', 'पॅरानॉइया एजंट' ही मालिका आणि २००६ साली 'पापरिका'. मोठे सिनेमे एवढे चारच.

मे २०१० मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. बाहेर फारसं कोणाला कळू दिलं नाही. त्यांना घरीच मरायचं होतं आणि पत्नीने ते निभावलं. २४ ऑगस्टला ते गेले तेव्हा वय होतं ४६. मागे ठेवलेलं निरोपाचं पत्र त्यांच्या वेबसाइटवर आलं. 'ड्रीमिंग मशीन' हा नवा सिनेमा अर्ध्यावर होता. त्याचं काय होणार ही चिंता, आणि निर्माते मारुयामा यांनी धीर दिल्यावर आपण रडलो, हे त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिलंय. तो सिनेमा पूर्ण झाला नाही. दुसऱ्याच्या हातून तो कोन यांचा राहिलाच नसता, त्यामुळे मला ते योग्यच वाटतं.

सुरुवात 'मिलेनियम अ‍ॅक्ट्रेस'ने करा. 'परफेक्ट ब्लू' मुलांसोबत अजिबात बघू नका, त्यातली हिंसा खरोखर जड आहे. आणि मांगा वाचायचं असेल तर 'ओपस' इंग्रजीत मिळतं, पण ते दोन सिनेमे बघून झाल्यावरच हातात घ्या.