विमानात धक्के बसू लागले की जीव घाबरतो. ही भीती कशी हाताळावी?

तुम्ही लिहिले आहे की मुलगी हैदराबादला असल्यामुळे तुम्हाला कोल्हापूरहून विमानाने अधूनमधून जावे लागते, गेल्या मे महिन्यात उतरताना विमान जोरात हलले, आणि तेव्हापासून तिकिटाचा विषय निघाला तरी छातीत धडधडते. उजळाईवाडीच्या विमानतळावरून माझी कामानिमित्त नेहमी ये-जा असते आणि ही भीती माझ्या चांगल्या परिचयाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भीती पूर्ण गेल्यावरच विमानात बसायचे असे ठरवले, तर तो दिवस सहसा उजाडत नाही. भीती बरोबर असतानाच प्रवास करता यावा अशी तयारी करावी लागते, आणि त्या तयारीचा निम्मा भाग म्हणजे त्या वेळी शरीराला नेमके काय जाणवते हे समजून घेणे.

विमान एकदम खाली जाते तेव्हा शेकडो फूट कोसळल्यासारखे वाटते. परंतु आपल्या आतल्या कानाला उंची कळत नाही. त्याला कळतो तो फक्त वेगातला बदल. डोळ्यांपुढे बंद केबिन असल्यामुळे किती खाली आलो हे पडताळायला काही साधन नसते, आणि उरलेली जागा मन आपल्या पद्धतीने भरून काढते. याचे ठळक उदाहरण मे २०२४ मधले आहे. लंडनहून सिंगापूरला निघालेले विमान म्यानमारवर भयंकर हलले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. ते विमान सहा हजार फूट कोसळल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या होत्या. तपासात विमानातल्या नोंदी पाहिल्या तेव्हा त्या धक्क्यातली प्रत्यक्ष घसरण १७८ फुटांची, साडेचार सेकंदांच्या आसपासची निघाली. सहा हजार फूट ही वैमानिकांनी नंतर बँकॉककडे वळताना विचारपूर्वक केलेली उतरण होती. त्या साडेचार सेकंदांत पट्टा न बांधलेली माणसे वर फेकली गेली आणि लगेच खाली आदळली, हे खरे नुकसान. विमान मात्र बँकॉकला नीट उतरले.

हे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण ‘काही होत नाही हो, उगीच घाबरता’ असे सांगणाऱ्यांचा भित्र्या माणसाला काडीचाही उपयोग होत नाही. धक्क्यांनी इजा होऊ शकते, पण ती बहुतेक वेळा पट्टा न बांधलेल्यांना आणि उभ्याने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना होते. विमानाच्या सांगाड्याची गोष्ट वेगळी आहे. सेवेत असताना जास्तीत जास्त जितका भार येईल असे गृहीत धरलेले असते, त्याच्या दीडपट भार सांगाड्याने पेलला पाहिजे, अशी प्रमाणपत्राची अटच असते. म्हणून आसनावर बसल्यापासून उठेपर्यंत, पट्टा बांधण्याच्या सूचनेचा दिवा विझला तरी, पट्टा कमरेवर घट्ट ठेवावा. तुमच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय हाच आहे, आणि आपल्या हातात काहीतरी आहे ही जाणीवही भीती कमी करते.

आता आपल्या भागातली हवा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सह्याद्रीची धार ओलांडून आपल्याकडे उतरतो. राजाराम बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पुढे बरेच अंतर लाटा आणि भोवरे करत जाते, तसाच हा वारा डोंगराच्या पूर्वेला हेलकावत जातो. एप्रिल-मे महिन्यांत कारण निराळे असते. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे झोत वर चढतात आणि दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात. तुमचा मे महिन्यातला प्रवास दुपारचा असेल, तर जे घडले ते त्या ऋतूत नेहमीचेच होते. शिवाय हैदराबादच्या मार्गावर जे पंख्याचे छोटे एटीआर विमान असते, ते मोठ्या जेट विमानांपेक्षा बऱ्याच कमी उंचीवरून जाते, त्यामुळे ज्या ढगांच्या आणि गरम हवेच्या थरांवरून जेट निघून जाते, त्यांतून याला जावे लागते. वैमानिक रडारवर पावसाचे ढग पाहून त्यांना वळसा घालतात आणि खडबडीत हवेत वेग कमी करतात. आपल्याला ते बदललेला आवाज म्हणून ऐकू येते आणि आपण उगीच दचकतो.

यातून व्यवहाराची गोष्ट अशी निघते की, शक्य असेल तेव्हा सकाळचे विमान घ्यावे आणि जागा पंखाजवळची मागून घ्यावी. विमानाचे हेलकावे पंखाजवळ सर्वांत कमी जाणवतात आणि शेपटाकडे सर्वांत जास्त. एटीआरमध्ये पंख छताच्या वर असतो, म्हणून मधल्या रांगा निवडाव्यात. तिथे पंख्याची घरघर अधिक असते, पण मला तो सौदा परवडतो. काही आवाज आधीच ओळखून ठेवलेले बरे. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनाचा सूर खाली येतो आणि विमान बसल्यासारखे वाटते. ते चढतच असते, फक्त उड्डाणाची जादा ताकद कमी केलेली असते. उतरण्याआधी पायाखाली जो धप्प आवाज येतो तो चाके बाहेर आल्याचा.

प्रत्यक्ष धक्के सुरू झाल्यावर बहुतेक जण हातांनी आसनाचा दांडा घट्ट पकडतात आणि श्वास रोखतात किंवा भराभर घेऊ लागतात. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते, आणि आता आपल्याला काहीतरी होणार असे वाटून भीती दुप्पट होते. म्हणून श्वास सोडण्याचा वेळ लांबवावा. मनात चार मोजत घ्यावा आणि सहा मोजत सोडावा. खांदे खाली सोडावेत, तळवे मांडीवर उघडे ठेवावेत आणि शरीर विमानाबरोबर हलू द्यावे. अर्धी भरलेली पाण्याची बाटली समोर धरून पाहा. मनाला भूकंप वाटत असताना बाटलीतले पाणी बऱ्याचदा नुसते हिंदकळत असते. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला थोडा रागच आला होता, की एवढ्यासाठी मी देवाला नवस बोलत होते!

तिकीट काढल्यापासून मोबाइलवर हवेचे नकाशे आणि हादरणाऱ्या विमानांच्या चित्रफिती पाहत राहणे मात्र बंद करावे. त्यातून घटकाभर दिलासा मिळतो, पण पुन्हा पुन्हा खात्री करून घेण्याची सवय भीतीलाच खतपाणी घालते. विमानप्रवास टाळण्याबद्दलही हेच खरे. दर वेळी रेल्वेने किंवा बसने गेलात, तर विमान धोक्याचे आहे हे मनात आणखी पक्के होते. रस्त्याचा प्रवास विमानापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असूनही मनाला तो निर्धास्त वाटतो, कारण तो ओळखीचा आहे. म्हणून आधी लहान पल्ल्याचे उड्डाण करावे, बरोबर घरचे कोणी असावे, आणि त्यानंतर फार खंड पडू देऊ नये. चढताना हवाई सेविकेला सांगितले की ‘मला भीती वाटते’, तर ती मधूनमधून विचारपूस करते; यात लाजण्यासारखे काही नाही.

झोपेची किंवा शांत करणारी गोळी ओळखीच्याकडून घेऊन खाऊ नये आणि धीर यावा म्हणून मद्य तर मुळीच घेऊ नये. गोळीने तो प्रवास पार पडतो, पण धक्के सोसूनही आपण ठीक राहिलो हे शिकायची संधी जाते, आणि पुढच्या वेळी गोळीशिवाय बसणे आणखी अवघड होते. तुम्हाला हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तिकिटाच्या विचारानेही रात्री झोप उडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जायला शिकवणाऱ्या उपचाराचा अशा भीतीवर चांगला गुण येतो. सुरुवातीला नुसते बोलायचे असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते.